गणवेश उतरवल्यानंतरची दोन वर्षे : इंदूरमधल्या एका माजी सैनिकाचा नोकरीचा शोध

इंदूरजवळच्या महू छावणीतल्या लष्करी कॅन्टीनमध्ये महिन्याचे सामान घ्यायला गेलो की हल्ली कोणी ना कोणी नुकताच निवृत्त झालेला जवान भेटतो आणि तोच प्रश्न विचारतो : "दादा, पेन्शन सुरू झाली, पण नोकरीसाठी सुरुवात नेमकी कोठून करायची?" रांगेत उभ्या उभ्या त्याचे पुरे उत्तर देता येत नाही. मी ३० जून २०२३ रोजी २४ वर्षांची सेवा पूर्ण करून सैन्याचे दळणवळण सांभाळणाऱ्या सिग्नल्स कोअरमधून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि जून २०२५ मध्ये एका सरकारी बँकेत लिपिक म्हणून रुजू झालो. मधल्या दोन वर्षांत काय काय करावे लागले, कोठे वेळ गेला, किती पैसे लागले आणि कोणते कागद आधीच हाताशी असते तर बरे झाले असते, हे सारे क्रमाने लिहून ठेवतो आहे.

सुरुवात खरे तर निवृत्तीच्या दोन वर्षे आधी करायची असते. संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वसन महासंचालनालय, ज्याला आम्ही सगळे डीजीआर म्हणतो, सेवेच्या शेवटच्या दोन वर्षांत असलेल्यांसाठी अभ्यासक्रम चालवते. काही अभ्यासक्रम २४ आठवड्यांपर्यंतचे असतात आणि जवान व जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड अधिकारी) यांना त्यासाठी शुल्क भरावे लागत नाही. २०२२ मध्ये युनिटच्या क्लार्कने अर्ज माझ्या हातात आणून दिला होता. त्याच सुमारास इंदूरला बाबांच्या मणक्याची शस्त्रक्रिया ठरली, मी सुट्टीवर आलो आणि तो अर्ज ट्रंकेतच राहिला. सहा महिन्यांचे फुकट प्रशिक्षण आणि त्याचे प्रमाणपत्र मी गमावले, आणि पुढे संगणकाचा साधा अभ्यासक्रम पदरचे साडेतीन हजार रुपये भरून करावा लागला.

जून २०२३ मध्ये जबलपूरला पेन्शन ड्रिल, म्हणजे निवृत्तीपूर्वीची कागदपत्रांची प्रक्रिया, झाली. त्या दिवसांत माणूस एका वेगळ्याच मनःस्थितीत असतो. किट जमा होते, ओळखपत्र जमा होते, जुने सोबती भेटतात, निरोपाचे जेवण होते आणि समोर येईल त्या कागदावर आपण सही करत जातो. मीही तसेच केले. तेथे थांबून प्रत्येक कागद वाचायला हवा होता, कारण पुढच्या दोन वर्षांत मला जे जे अडथळे आले त्यांतले निम्मे तेथेच दूर झाले असते. डिस्चार्ज बुक आणि पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पीपीओ, हे दोन कागद सर्वांनाच मिळतात. त्याखेरीज आणखी दोन कागद आग्रहाने मागून घ्यावेत. पहिला म्हणजे पदवी-समकक्षतेचे प्रमाणपत्र. किमान मॅट्रिक असलेल्या आणि १५ वर्षे सेवा झालेल्या माजी सैनिकाला, तांत्रिक वा व्यावसायिक अर्हतेची अट नसलेल्या गट 'क'च्या पदांसाठी, पदवी नसतानाही पात्र धरले जाते, पण त्यासाठी हा कागद दाखवावा लागतो. दुसरा म्हणजे अंतिम वेतनाचा दाखला. पहिला मी घेतला. दुसऱ्याची गरज काय, असे वाटून तो घेतला नाही.

घरी पोहोचलो त्या दिवशी, १ जुलै २०२३ रोजी, सरकारी बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेची लिपिक पदांची जाहिरात निघाली. माझ्या भाच्याने ती मोबाईलवर दाखवली तेव्हा मी म्हणालो, "अरे, मी बेचाळीस वर्षांचा आहे, आणि येथे वयोमर्यादा अठ्ठावीस लिहिली आहे." ही चूक अनेक जण करतात आणि जाहिरात तेथेच मिटवून ठेवतात. लिपिक पदासाठी माजी सैनिकाला सैन्यातल्या प्रत्यक्ष सेवेची वर्षे आणि वर ३ वर्षे इतकी सवलत मिळते, मात्र वय ५० च्या पुढे जाता कामा नये. माझी २८ अधिक २४ अधिक ३ अशी ५५ होतात, म्हणून मला ५० ची मर्यादा लागू होती. केंद्र सरकारच्या इतर भरतीत हिशेब जरा निराळा असतो : प्रत्यक्ष वयातून सेवेची वर्षे वजा करायची आणि उरलेला आकडा पदाच्या कमाल वयापेक्षा ३ वर्षांहून अधिक नसावा. शुल्क इतरांना ८५० रुपये होते, माजी सैनिकांना १७५. शेवटची तारीख २१ जुलै होती, ती पुढे २८ जुलैपर्यंत वाढली. मी २६ तारखेला अर्ज भरला.

त्याच आठवड्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नावनोंदणीसाठी गेलो. माजी सैनिकाचे ओळखपत्र येथूनच मिळते आणि रोजगारासाठी नावही येथेच नोंदवता येते. डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार, पॅन, बँकेचे पासबुक, पत्नीबरोबरचे छायाचित्र, हे सारे मूळ प्रतींसह आणि प्रत्येकी तीन छायाप्रती घेऊन जावे. टेबलामागे बसलेल्या सुभेदारसाहेबांनी कागद एकेक करून पाहिले, चष्मा काढला आणि विचारले, "हवालदारसाहेब, या बाईंची दोन नावे कशी?"

आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत आहे. माझ्या लग्नातही तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले गेले, आणि तेच नाव मी २००७ मध्ये युनिटमध्ये पार्ट टू ऑर्डरसाठी, म्हणजे सैन्याच्या रेकॉर्डमधल्या नोंदीसाठी, दिले. पत्नीने आधार मात्र शाळेच्या दाखल्यावरून, माहेरच्या नावाने काढले होते. सोळा वर्षे या गोष्टीने कोणाचे काही अडले नाही. आता पीपीओवर एक नाव, आधारवर दुसरे, आणि उद्या माझे काही बरेवाईट झाले तर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी या दोन बायका एकच आहेत हे तिलाच सिद्ध करत बसावे लागले असते. सुभेदारसाहेबांनी हे मला अगदी शांतपणे समजावून सांगितले. त्या दिवशी घरी परतताना नोकरीचा विचार डोक्यातून पूर्ण गेला होता.

दुरुस्तीसाठी शपथपत्र, दोन वर्तमानपत्रांतल्या जाहिराती, लग्नाचा दाखला आणि सैन्याच्या अभिलेख (रेकॉर्ड) कार्यालयाच्या नावे अर्ज, असा संच तयार केला. शपथपत्र व नोटरी यांचे ६०० रुपये आणि जाहिरातींचे १,९०० रुपये लागले. जुलैअखेर पाठवलेले कागद एकदा 'छायाप्रत अस्पष्ट' या शेऱ्यासह परत आले, पुन्हा पाठवले, आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात 'स्पर्श' या संरक्षण खात्याच्या पेन्शन पोर्टलवर पत्नीचे नाव बरोबर दिसू लागले. मराठी कुटुंबांत ही अडचण इतकी सर्रास आढळते की सेवेत असलेल्या प्रत्येकाला मी हात जोडून सांगतो : आज रात्री घरी फोन करून पत्नीच्या आधारवरचे, पॅनवरचे आणि तुमच्या रेकॉर्डमधले नाव अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. सेवेत असताना हे काम युनिटच्या कार्यालयातच होऊन जाते.

बाबा या सगळ्या काळात फारसे बोलले नाहीत. इंदूरच्या कापड गिरणीत त्यांची उमेदीची वर्षे गेली, गिरणी बंद पडली आणि थकीत पैशांसाठी त्यांनी कित्येक वर्षे कागद सांभाळले. एका संध्याकाळी त्यांनी आपली पत्र्याची पेटी रिकामी करून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच यात ठेव. तोंडी कोणी काही सांगितले, तर ते तारखेसह लिहून तेही यातच ठेव." त्या दिवसापासून मी एक वहीही ठेवली. या लेखातल्या तारखा त्या वहीतल्याच आहेत.

ऑगस्टमध्ये आर्मी वेल्फेअर प्लेसमेंट ऑर्गनायझेशनकडे नाव नोंदवले आणि डीजीआरच्या संकेतस्थळावरही नोंदणी केली. फोन येऊ लागले, ते मुख्यतः सुरक्षा क्षेत्रातले. हे काम कमी प्रतीचे आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. माझे दोन मित्र डीजीआरने पुरस्कृत केलेल्या एजन्सीमार्फत सार्वजनिक उपक्रमात सुपरवायझर आहेत आणि त्यांना वेळेवर, ठरलेल्या दराने वेतन मिळते. परंतु मला भेटलेल्या एका खासगी एजन्सीने गोदामावर १२ तासांच्या पाळीचे, साप्ताहिक सुट्टीविना, १३,००० रुपये सांगितले आणि भविष्य निर्वाह निधीचा विषय काढताच "तो नंतर बघू" असे उत्तर दिले. मी नकार दिला, आणि नकार देऊन बाहेर पडल्यावर पलासियाच्या चौकात बराच वेळ उभा राहिलो, कारण मुलीच्या बारावीच्या क्लासची फी त्याच आठवड्यात भरायची होती. सुरक्षेचे काम घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : एजन्सीकडे २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालचा परवाना आहे का, पाळी किती तासांची आहे, आणि पीएफ पहिल्या महिन्यापासून कापला जाईल का. या कामाचे जे सक्तीचे प्रशिक्षण असते, ते माजी सैनिकांसाठी संक्षिप्त, म्हणजे ४० तास वर्गातले आणि १६ तास प्रत्यक्ष कामाचे असते. पूर्ण प्रशिक्षणाचे पैसे कोणी मागितले तर देऊ नयेत.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. सप्टेंबरपर्यंत मी अकरा ठिकाणी बायोडेटा पाठवला होता आणि सुरक्षेचे काम सोडून कोठूनही उत्तर आले नव्हते. त्या बायोडेटात माझ्या कामाविषयी एवढेच होते : 'ट्रेड – लाइनमन फील्ड, पद – हवालदार, सेवा – २४ वर्षे, आचरण – आदर्श.' भाचा विजयनगरमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. एका रविवारी त्याने तो कागद वाचला आणि उलटा ठेवला. "मामा, पद सांगू नका. सकाळी उठल्यापासून तुम्ही काय करत होता ते सांगा."

मी म्हणालो, "लाइन टाकायची, लाइन सांभाळायची."

"किती किलोमीटर?"

मी आठवून सांगितले. लडाखमधल्या शेवटच्या तैनातीत आमच्या तुकडीकडे ४२ किलोमीटर ऑप्टिकल फायबर होते.

"तुमच्या हाताखाली किती माणसे? लाइन तुटली तर किती वेळात जोडायचात? तुटली कोठे हे कसे कळायचे? सामानाचा हिशेब कोण ठेवायचे? नव्या मुलांना कोण शिकवायचे?"

प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होते, पण आजवर ते कोणी विचारले नव्हते आणि मीही ते सांगण्याजोगे मानले नव्हते. चौदा जणांची तुकडी होती. ओटीडीआर यंत्रावर दोष किती अंतरावर आहे हे पाहून रात्री बर्फातून तेथपर्यंत चालत जायचे, तंबूत हात शेकून बोटे हलू लागली की स्प्लाइसिंग, म्हणजे तुटलेल्या फायबरची जोडणी, करायचे, आणि पहाटेच्या आत लाइन सुरू करायची. भांडाराची वही दोन वर्षे माझ्याकडे होती आणि लेखापरीक्षणात एकही वस्तू कमी निघाली नव्हती. भाचा लिहीत गेला. तासाभराने त्याने कागद माझ्याकडे सरकवला, तेव्हा त्यावर 'हवालदार' हा शब्द एकदाच होता. बाकी सारे काम होते. तो कागद वाचताना माझा गळा भरून आला, हे येथे लिहायला मला संकोच वाटत नाही. २४ वर्षे मी काय केले हे मला पहिल्यांदाच नागरी माणसाच्या शब्दांत दिसत होते.

नोव्हेंबरमध्ये त्या नव्या बायोडेटावर फायबर देखभालीचे कंत्राट घेणाऱ्या एका कंपनीचा फोन आला. मुलाखत घेणारे अभियंते तिशीच्या आतले होते. ते खोलीत येताच मी सावधान उभा राहिलो. त्यांनी "काका, बसा ना" म्हटल्यावर बसलो. दोन-चार प्रश्नांनंतर त्यांनी स्प्लाइसिंगचे यंत्र टेबलावर ठेवले आणि फायबरचे दोन तुकडे पुढे केले. मी आधी जोडावर बसवायची संरक्षक नळी, म्हणजे स्लीव्ह, ओवून घेतली, कारण जोड झाल्यावर ती ओवता येत नाही आणि नवशिक्याचे सगळे काम तेथेच वाया जाते. मग वरचे आवरण काढले, अल्कोहोलने काच पुसली, क्लीव्हरवर टोक सरळ कापले, दोन्ही टोके खाचेत बसवली आणि झाकण बंद केले. क्षणभर ठिणगी चमकली. पडद्यावर जोडातली घट ०.०२ डेसिबल, म्हणजे नगण्य, आली. अभियंत्यांनी तो आकडा पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "कधीपासून येऊ शकाल?"

११ डिसेंबर २०२३ रोजी रुजू झालो. पगार २२,००० रुपये, पीएफ पहिल्या महिन्यापासून, स्वतःच्या दुचाकीला पेट्रोलचे वेगळे पैसे. रात्रीबेरात्री फोन येत, देवास नाक्यापासून राऊपर्यंत कोठेही खोदकामात केबल तुटली की जावे लागे. ते काम मला आवडत होते. पण कंत्राट वर्षावर्षाचे होते, गुडघे कुरकुरू लागले होते, आणि बाबांना उपचारासाठी महूला न्यावे लागे तेव्हा प्रत्येक वेळी रजेची विनवणी करावी लागे. म्हणून बँकेची परीक्षा सोडली नाही. येथे एक शंका अनेकांना असते : खासगी नोकरी केल्याने माजी सैनिकाचे आरक्षण जाते का? जात नाही. आरक्षणाचा लाभ घेऊन सरकारी नागरी नोकरीत रुजू झाल्यावर तो प्रश्न येतो.

परीक्षेचे सांगायचे तर सार्वजनिक क्षेत्रातल्या बँकांमध्ये लिपिक पदांवर माजी सैनिकांसाठी १४.५ टक्के आरक्षण आहे, त्यात ४.५ टक्के अपंगत्व आलेले माजी सैनिक व युद्धात कामी आलेल्यांचे आश्रित यांच्यासाठी आहे. जागा असतात, परंतु परीक्षा तीच द्यावी लागते जी बावीस वर्षांची मुले देतात. पूर्वपरीक्षेत ६० मिनिटांत १०० प्रश्न, प्रत्येक विभागाला २० मिनिटे, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. २०२३ मध्ये मी पूर्वपरीक्षा कशीबशी पार केली आणि ७ ऑक्टोबरच्या मुख्य परीक्षेत राहिलो. गणित येत होते, वेग नव्हता. १ एप्रिल २०२४ च्या यादीत नाव नाही हे पाहिल्यावर दोन दिवस कोणाशी बोललो नाही.

मग भंवरकुआंजवळच्या एका अभ्यासिकेत महिना ७०० रुपये भरून पहाटे साडेपाच ते साडेआठची जागा घेतली. शेजारी बसणारी मुले माझ्या मुलीच्या वयाची होती. त्यातल्या खरगोनच्या एका मुलाने मला टक्केवारी मनातल्या मनात काढण्याची पद्धत शिकवली, आणि मी त्याला रोज एकाच वेळी उठायचे कसे ते शिकवले. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवणे, एवढेच मी वेगळे केले. कोचिंगचा पूर्ण वर्ग लावला नाही. संगणकाचे प्रमाणपत्रही याच काळात घेतले, कारण लिपिक पदाला संगणकज्ञानाचा पुरावा लागतो. दुसऱ्या वेळी पूर्वपरीक्षा ऑगस्ट २०२४ मध्ये झाली, मुख्य परीक्षा १३ ऑक्टोबरला. निकालाला साडेपाच महिने लागले. या मधल्या काळात हातावर हात ठेवून बसू नये. मी रेल्वेच्या दोन भरत्यांचे अर्ज भरले. तेथे माजी सैनिकांना २५० रुपये शुल्क आहे आणि परीक्षेला बसल्यावर बँकेचा आकार वजा करून ते परत मिळते.

१ एप्रिल २०२५ रोजी यादी लागली तेव्हा मी राऊजवळ रस्त्याकडेच्या चरात उतरलो होतो, हात मातीने भरलेले होते, म्हणून भाच्यानेच फोनवर वाचून दाखवले. घरी आल्यावर बाबांना सांगितले. त्यांनी आईच्या फोटोकडे पाहिले आणि पेटी कोठे आहे असे विचारले.

कागदपत्र पडताळणी मे महिन्यात झाली. डिस्चार्ज बुक, पीपीओ, शेवटच्या पदाचा पुरावा, पदवी-समकक्षतेचे प्रमाणपत्र, संगणकाचे प्रमाणपत्र, सारे एका बैठकीत पाहिले गेले आणि पत्नीच्या नावाचा प्रश्न आला नाही. देवासला नेमणूक मिळाली. इंदूरहून बसने रोज जाऊन-येऊन करता येते. रुजू झाल्यावर वेतननिश्चितीचा विषय निघाला आणि जबलपूरला न घेतलेला अंतिम वेतनाचा दाखला तेव्हा आठवला. तो मागवण्यासाठी संबंधित लेखा कार्यालयाला दोन पत्रे आणि एक स्मरणपत्र पाठवले, सात आठवडे गेले. सैन्यातले शेवटचे वेतन धरून बँकेत वेतन निश्चित करून घेतले तर हातात येणारा पगार वाढतो, परंतु निवृत्तिवेतनावरची महागाई सवलत पुनर्नियुक्तीच्या काळात थांबते. म्हणून दोन्ही पर्यायांचा दहा-बारा वर्षांचा हिशेब कागदावर मांडावा आणि मगच विकल्प द्यावा. मी तो हिशेब शाखेतल्या एका निवृत्त वायुसैनिकाबरोबर दोन दुपारी बसून केला.

शेवटचे काम रुजू होण्याच्या दिवशीच करायचे असते आणि तेच बहुतेकांकडून राहते. सरकारी नागरी नोकरीत रुजू झालो की पुढच्या भरतीसाठी माजी सैनिकाचे आरक्षण संपते. मात्र १४ ऑगस्ट २०१४ च्या केंद्रीय आदेशानुसार, रुजू होण्याआधी ज्या पदांसाठी अर्ज केले होते त्यांची तारीखवार यादी लगेच नव्या कार्यालयाला लेखी दिली, तर त्या अर्जांपुरता हा लाभ टिकतो. मी वहीतून रेल्वेच्या दोन्ही अर्जांचे क्रमांक व तारखा उतरवल्या, दोन प्रतींत निवेदन केले आणि पहिल्या दिवशी सकाळी सव्वादहाला शाखाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवले. त्यांना हा प्रकार नवा होता. त्यांनी निवेदन दोनदा वाचले, सही केली, माझ्या प्रतीवर आवक शिक्का मारून दिला, आणि संध्याकाळी तो कागद बाबांनी स्वतःच्या हाताने पेटीत ठेवला.